फैजपूर ते लंडन, व्हाया बॅलार्ड पियर

शिरपुरातून चोपड्याच्या रस्त्याला लागा आणि सरळ पूर्वेकडे जात राहा. हा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. डावीकडे सातपुडा, उजवीकडे तापीचं खोरं. चोपडा जातं, यावल जातं, केळीच्या बागा दाट होत जातात आणि शंभरेक किलोमीटरवर फैजपूर येतं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, १ डिसेंबर १९०९ रोजी, याच गावात बाळ सीताराम मर्ढेकर जन्मले. मराठी कवितेचं जुनं घर मोडून नवं बांधणारा हा माणूस मूळचा सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याचा, पण जन्माने आणि बालपणाने आपल्या खानदेशचा.

समुद्र इथून लांब. तरीही मर्ढेकरांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण समुद्रावरून गेलं. त्या वळणाच्या, आणि त्याच पाण्यावरून गेलेल्या आणखी काही मराठी माणसांच्या या गमतीदार गोष्टी.

नऊ दिवसांचं अंतर

मर्ढेकरांचा जन्म झाला आणि नवव्या दिवशी, १० डिसेंबर १९०९ ला, इंग्लंडच्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर एक मराठी तरुण समुद्राशी भांडत होता. विनायक दामोदर सावरकर. मातृभूमीकडे परत ने, असं सागराला विनवणारी त्यांची कविता त्या दिवशीची. मराठीतली समुद्रावरची सगळ्यात प्रसिद्ध कविता आणि मराठीतला सगळ्यात मोठा नवकवी, दोघांचा महिना एकच! पुढे वीस वर्षांनी मर्ढेकर त्याच इंग्लंडला निघाले. पण सावरकरांची तळमळ ताबडतोब कवितेत उतरली आणि मर्ढेकरांच्या बाबतीत भलतंच काही घडलं. त्याकडे येऊच.

परीक्षेसाठी समुद्र

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर १९२९ मध्ये मर्ढेकर इंग्लंडला गेले ते आय.सी.एस. व्हायला. कवी व्हायला नव्हे. वय विशीच्या उंबरठ्यावर. वडील शिक्षक. त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या हुशार पोरापुढे याहून उंच शिखर नव्हतं. १९२२ पासून ही परीक्षा हिंदुस्थानातही देता येऊ लागली होती, पण लंडनची ओढ काही कमी झाली नव्हती. आणि डोळ्यांपुढे उदाहरण होतं चिंतामणराव देशमुखांचं. महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा १९१८ मध्ये लंडनच्या परीक्षेत थेट पहिला आला होता.

मर्ढेकरांना ते जमलं नाही. १९३३ मध्ये ते आय.सी.एस. न होताच परतले. मला हे मराठी साहित्याचं मोठं भाग्य वाटतं. ते पास झाले असते तर एखाद्या जिल्ह्याला चांगला कलेक्टर मिळाला असता. त्याच्या हातून ‘काही कविता’सारखा संग्रह लिहून झाला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे. योगायोग बघा, परीक्षेत पहिले आलेले देशमुखही पुढे कवितेकडे वळलेच. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं.

भुसावळवरून जाणारी गाडी आणि धक्क्यावरची बोट

पंजाब मेल आपल्याला भुसावळची गाडी म्हणून माहीत. १९१२ साली सुरू झाली तेव्हा ती सुटायची मुंबईच्या बॅलार्ड पियर बंदरातल्या मोल स्थानकावरून. विलायतेहून आलेल्या बोटीतून उतरायचं, धक्क्यावरच गाडीत बसायचं आणि भुसावळमार्गे थेट पेशावरकडे! साहेबांची टपाल आणि साहेब, दोन्ही खानदेशच्या छातीवरून उत्तरेला जायचे. म्हणजे समुद्र खानदेशात नव्हता हे खरं, पण समुद्राचं वेळापत्रक आपल्या रुळांवर धावत होतं.

उलट दिशेचा प्रवास असा: बॅलार्ड पियर, एडन, तांबडा समुद्र, सुएझ, पोर्ट सैद, भूमध्य समुद्र. फ्रान्सच्या मार्सेय बंदरापर्यंत साधारण दोन आठवडे. तिथे उतरून आगगाडीने लंडन गाठायचं, नाहीतर जिब्राल्टरला वळसा घालून बोटीनेच तिसऱ्या आठवड्यात इंग्लंड. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडण्याआधी आफ्रिकेला संपूर्ण वळसा पडायचा. कालव्याने मुंबई–लंडन अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी केलं.

विमान नव्हतं का? होतं, नुकतंच. लंडन–कराची हवाई सेवा सुरू झाली ती १९२९ च्या मार्चअखेर, म्हणजे मर्ढेकर गेले त्याच वर्षी. कराची ते मुंबई हा दुवा जे. आर. डी. टाटांनी जोडला १५ ऑक्टोबर १९३२ ला. विद्यार्थ्यांसाठी मात्र बोटच.

आणि त्या बोटीवर एक अजब प्रकार रोज व्हायचा. पश्चिमेला जाताना घड्याळं मागे सरकवावी लागत. मुंबई–लंडन वेळेतला साडेपाच तासांचा फरक रोज थोडा थोडा वाटून टाकायचा. आज दिवस अर्धा तास लांब, उद्या आणखी थोडा. घड्याळातली वेळ आणि मनातली वेळ एक नसते, हे आधुनिक कादंबरीकार त्याच दशकात ओरडून सांगत होते. जहाजावरचा प्रवासी तेच मनगटावर अनुभवत होता.

लंडन: काय विकत मिळायचं, काय नाही

मर्ढेकरांची इंग्लंडमधली चार वर्षं भरगच्च होती. कवी एलियटची ‘द वेस्ट लँड’ १९२२ मध्येच येऊन गेली होती, आता १९३० मध्ये त्याची ‘ॲश वेन्सडे’ आली. व्हर्जिनिया वुल्फची ‘द वेव्हज’ ही कादंबरी १९३१ ची. याच काळात तिन्ही गोलमेज परिषदा लंडनमध्ये झाल्या आणि डॉ. आंबेडकर तिन्हींना हजर होते. बी.बी.सी.ची साम्राज्यभर ऐकू जाणारी रेडिओसेवा १९ डिसेंबर १९३२ ला सुरू झाली. पाच-सहा वर्षांनी आकाशवाणीच्या नोकरीत शिरणारा माणूस तेव्हा रेडिओच्या त्या राजधानीत शिकत होता, ही मला आवडलेली गोष्ट.

जेम्स जॉईसची ‘युलिसिस’ मात्र इंग्लंडच्या दुकानात उघड मिळत नव्हती. अश्लील म्हणून तिच्यावर तिथे १९३६ पर्यंत बंदी होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

उपनिषद फिरून आलं

या सगळ्या गोष्टींमध्ये माझी सर्वांत लाडकी ही. मर्ढेकरांनी पाश्चात्त्यांकडून उचललं, एलियटची नक्कल केली, असा आरोप त्यांच्यावर अनेकदा झाला. आता एलियटकडे बघा. जन्म अमेरिकेतला. हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन नावाच्या प्राध्यापकांकडे तो संस्कृत शिकला. १९१४ मध्ये अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आला आणि तिथलाच झाला. १९२७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. ‘द वेस्ट लँड’च्या शेवटच्या भागात मेघगर्जनेतून देव, दानव आणि मानव यांना मिळालेला उपदेश आहे. तो बृहदारण्यक उपनिषदातला. आणि कवितेचा शेवट शांतिमंत्राने.

म्हणजे उपनिषद अमेरिकेत गेलं, तिथून अटलांटिक ओलांडून लंडनला आलं, इंग्रजी कवितेत शिरलं आणि फैजपूरच्या एका मुलाने ते अरबी समुद्रामार्गे परत आणलं. याला उचलेगिरी म्हणायचं की येरझार? माझं मत सरळ आहे: साहित्य असंच फिरतं, आणि जे फिरत नाही ते आटतं.

१९३९: एक साल, दोन पुस्तकं

आता या लेखातली सर्वांत चकित करणारी जुळणी. मर्ढेकरांचा पहिला कवितासंग्रह ‘शिशिरागम’ आला १९३९ मध्ये. चार वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेल्या, एलियट वाचलेल्या माणसाचा संग्रह. तर त्यात कसली आलीय आधुनिकता! हळवी प्रेमकविता, बालकवींच्या आणि रविकिरण मंडळाच्या वळणाची. बालकवी तर आपल्याच धरणगावचे. समुद्र कधी न ओलांडलेले, १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेलेले. चार वर्षांच्या विलायतेपेक्षा धरणगावचा प्रभाव भारी पडला.

त्याच १९३९ मध्ये मराठीत दुसरं एक पुस्तक आलं, जे जवळजवळ सगळंच्या सगळं बोटीवर घडतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’.

‘रणांगण’बद्दल थोडं थांबून बोलायलाच हवं. बेडेकर अमरावतीचे, जन्म १३ ऑगस्ट १९०६. सिनेमाचा माणूस, पुढे प्रभातच्या ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शकांपैकी एक. १९३० च्या दशकाच्या शेवटी चित्रपटाचं शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला गेले आणि बोटीने परतले. तो काळ कसला होता? नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली. ज्यू कुटुंबं वाट फुटेल तिकडे पळत होती. बहुतेक देशांनी दारं लावून घेतलेली. जगात जवळजवळ एकच मोठं शहर असं उरलं होतं, जिथे उतरायला व्हिसा लागत नव्हता: शांघाय. इटलीच्या बंदरांतून सुटणाऱ्या बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असं करत तिथे जायच्या. वीस हजारांच्या आसपास ज्यू निर्वासित या ना त्या वाटेने शांघायला पोहोचले.

मुंबईला उतरणारे हिंदी विद्यार्थी आणि शांघायला जाणारे जर्मन ज्यू एकाच डेकवर. एकाला घर आहे पण देश स्वतंत्र नाही. दुसऱ्याचा देश बलाढ्य आहे पण त्यात त्याला घर नाही. बेडेकरांनी या डेकवर चक्रधर आणि हॅर्टा यांना समोरासमोर उभं केलं. प्रेमात पोळलेला, मन घट्ट मिटून घेतलेला मराठी तरुण आणि सगळं गमावलेली जर्मन ज्यू तरुणी. बोट मुंबईला पोहोचेपर्यंतच त्यांना वेळ आहे. त्यानंतर तो उतरणार आणि ती पुढे जाणार, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शेवट मी सांगणार नाही.

या कादंबरीची सारी ताकद तिच्या जागेत आहे असं मला वाटतं. बोटीवरून कुणाला निघून जाता येत नाही. जात, गाव, नातेवाईक यांपैकी काही मदतीला नाही. मराठी कादंबरीतली माणसं तोवर घराच्या, वाड्याच्या, कॉलेजच्या आधाराने उभी असायची. इथे खाली फक्त पाणी. युरोपातलं महायुद्ध सुरू झालं १ सप्टेंबर १९३९ ला. बेडेकरांनी त्याची चाहूल त्याच वर्षी मराठी वाचकाच्या हातात दिली होती. वाचकाला मात्र ती उमगायला वेळ लागला. पुस्तकाची थोरवी पुढच्या दशकांमध्ये हळूहळू पटत गेली. बेडेकरांनी दुसरी कादंबरी लिहिलीच नाही! एकाच समुद्रप्रवासाची एकच कादंबरी. आणि चाळीसेक वर्षांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र, ज्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बेडेकरांचा समुद्र लगेच बोलला. मर्ढेकरांचा इतका वेळ का गप्प राहिला?

चौदा वर्षांचा उशीर

क्रम लावून बघितला की उत्तर हाती लागतं. परत आल्यावर मर्ढेकरांनी आधी विचार मांडला, तोही इंग्रजीत: १९३७ मधलं ‘आर्ट्स अँड मॅन’. मग १९४१ मध्ये ‘वाङ्मयीन महात्मता’, मराठीत. १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी, जिच्यात माणसाच्या मनातले विचार जसे धावतात तसेच कागदावर धावतात. समीक्षक ज्याला संज्ञाप्रवाह म्हणतात तो प्रकार मराठीत आणणारी. पाठोपाठ ‘तांबडी माती’. आणि कविता सगळ्यांत शेवटी: १९४७ मध्ये ‘काही कविता’. इंग्लंडहून परतल्याला चौदा वर्षं झाली होती.

मधल्या काळात महायुद्ध झालं, रेशनिंग आलं, मुंबई गिरण्यांच्या धुराने भरली. लंडनमध्ये वाचलेलं शहर आता इथे, डोळ्यांसमोर होतं. माझी खात्री आहे की परदेशाने मर्ढेकरांना विषय दिला नाही. परदेशाने नजर दिली आणि विषय मुंबईने पुरवला. ‘काही कविता’त इंग्लंड शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. पिंपात मेलेले उंदीर आहेत, मुंग्यांसारखी माणसं आहेत, दिवे आहेत, यंत्रं आहेत. रेल्वेच्या फलाटाला ते चक्क दादा म्हणून हाक मारतात.

बोटीने गेला, अभंग घेऊन आला

आणि हे सगळं कुठल्या साच्यात? एलियटच्या मुक्त ओळीत? नाही. ओवीत, अभंगात, रामदासी श्लोकात! ज्याला लोक विलायती म्हणत होते तो कवी ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांच्या छंदात गिरणीचा भोंगा बसवत होता. हा मर्ढेकरांचा खरा पराक्रम. केशवसुतांनंतर कवी सुनीतं लिहीत होते, गझला लिहीत होते; इंग्लंडला जाऊन आलेला मर्ढेकर मात्र वारकऱ्यांच्या चालीकडे वळला.

खानदेशातच त्या वेळी एक बाईही ओवीत जगाचं कोडं सोडवत होती, हेही जाता जाता सांगायला हवं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. मर्ढेकरांचा ‘आणखी काही कविता’ १९५१ चा, ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मधली. एक लंडन पाहून आलेला, एकीला अक्षरओळखही नाही. मराठी कवितेची दोन टोकं, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यातली.

अश्लीलतेचा खटला

‘युलिसिस’ लक्षात आहे ना? ‘काही कविता’वर मुंबई सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. कवीला कोर्टाच्या फेऱ्या पडल्या, शेवटी तो निर्दोष सुटला. ज्या राज्याने जॉईसची कादंबरी अडवली होती, त्याच राज्याचा कायदा इकडे मागे राहिला होता. लंडनमध्ये जे पुस्तक मोकळेपणी मिळालं नव्हतं, त्याच जातीचा आळ मुंबईत स्वतःवर येईल, असं विशीतल्या त्या विद्यार्थ्याला वाटलं असेल का?

पाण्याखाली गेलेली पुस्तकं

समुद्र देतो तसा घेतोही. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनहून परत येत होते. त्यांनी जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बोट बुडवली आणि ग्रंथसंग्रह तळाला गेला. बाबासाहेबांनी पुन्हा पुस्तकं जमवायला सुरुवात केली, आणि ती कुठवर नेली हे त्यांचं मुंबईतलं घर ‘राजगृह’ सांगतं.

याच्याही आधी, १८८३ साली, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्याच साली ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असं मानणाऱ्या काळात मराठी बायका सर्वांच्या पुढे होत्या!

आपल्या तालुक्यातलं थाळनेर

हे सगळं शिरपूरला परकं वाटत असेल तर थाळनेरला जा. तापीच्या काठावर, आपल्याच तालुक्यात. फारुकी सुलतानांचं हे ठिकाण. त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपूरला, तिथून आग्र्याला जायचा तो याच पट्ट्यातून. सतराव्या शतकात तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला, तेव्हा त्याने थाळनेरची नोंद मोठ्या व्यापाराचं गाव म्हणून केली. समुद्रमार्गाने आलेली माणसं तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यात मुक्काम करत होती.

तापी तर स्वतःच रोज समुद्राला जाते. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. मर्ढेकरांच्या शेवटच्या कादंबरीचं नाव ‘पाणी’, १९४८ ची. पाणी अडवण्या-जिरवण्याच्या ‘शिरपूर पॅटर्न’ने नाव कमावलेल्या तालुक्यात ती वाचली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

याच रस्त्यावरचा दुसरा

फैजपूरच्याच परिसरात, यावल तालुक्यातल्या सांगवीत, १९३८ मध्ये भालचंद्र नेमाडे जन्मले. १९६३ मध्ये त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत शिकवायला गेले. परतल्यावर काय केलं? इंग्रजीत तुकारामांवर पुस्तक लिहिलं आणि मराठीत देशीवाद मांडला. दोन पिढ्या, एकच पट्टा, दोघांनाही लंडन घडलं, आणि दोघेही घराकडे तोंड करून परतले. याला निव्वळ योगायोग म्हणायला माझं मन घेत नाही. लांब गेल्यावर आपली भाषा वेगळी ऐकू येते. तापीखोऱ्यातल्या या दोघांनी ती नीट ऐकली.

शेचाळीस वर्षांचं आयुष्य

आकाशवाणीच्या नोकरीने मर्ढेकरांना देशभर फिरवलं. त्या माध्यमासाठी त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. एकीचं नाव ‘बदकांचे गुपित’! उंदरांचा कवी म्हणून ज्यांना तो भीतिदायक वाटतो, त्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं. १९५५ मध्ये ‘सौंदर्य आणि साहित्य’ आलं: संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींवर सौंदर्य कसं उभं राहतं, याचा विचार. १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच ग्रंथाला. मर्ढेकर मात्र २० मार्च १९५६ ला दिल्लीत वारले. वय अवघं शेचाळीस.

१९६७ मध्ये दिलीप चित्रे यांनी आधुनिक मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह काढला आणि त्यात १९४५ ते १९६५ हा काळ घेतला. सुरुवात १९४५ पासून, कारण तिथून मर्ढेकरांची नवी कविता सुरू होते.

कुठून वाचायला घ्यावं? वाचनालयात आधी ‘रणांगण’ मागा. लहानसं पुस्तक आहे, दोन बैठकांत संपतं. मग ‘शिशिरागम’ आणि ‘काही कविता’ शेजारी ठेवून वाचा, याच क्रमाने. ‘मर्ढेकरांची कविता’ या एका पुस्तकात दोन्ही मिळतील. अभंगांची पानं मोठ्याने म्हणा. चाल कळली की अर्ध्या अडचणी सुटतात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ सर्वांत शेवटी, हाताशी वही घेऊन.